पडवीतला ख्रिसमस कॅक्टस: आषाढात का कुजतो आणि नाताळात का फुलत नाही

गुहागरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास त्यांनी पुण्याहून ख्रिसमस कॅक्टस आणला. आणला तेव्हा गुलाबी फुलांनी लगडलेला होता. त्यानंतर एकदाही फुलला नाही. गेल्या थंडीत बारीक कळ्या दिसल्या, त्याही गळल्या. आता आषाढात बुडाजवळची पानं पिवळी पडून सांध्यातून सुटताहेत. 'कॅक्टस म्हणून पाणी बेतानंच घालते. पुण्यात नणंदेकडे हेच झाड दर वर्षी फुलतं. कोकणात हे होतच नाही का?' असं त्या विचारतात.

होतं, ताई. कुडाळजवळच्या माझ्या रोपवाटिकेत होतं आणि समुद्राला लागून असलेल्या घरांतही मी ते फुललेलं पाहिलंय. पण ते पुण्याच्या वेळापत्रकानं फुलत नाही, आणि वाळवंटातला निवडुंग समजून वाढवलं तर इथे टिकतही नाही. तुमच्या झाडाची दोन दुखणी आहेत आणि दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. कुजण्याचं आधी बघू, कारण ते थांबणार नाही. फुलांच्या तयारीला अजून वेळ आहे.

आजच कुंडी घरात घ्या आणि झाड बुडाशी धरून हलकेच ओढून पाहा. घट्ट असेल तर अजून आशा आहे. अलगद हातात आलं, मुळं तपकिरी झालीत, चिमटीत धरली की वरची साल सुटून आत नुसता दोरा उरतो आणि मातीला आंबूस वास मारतो, तर मुळं गेली. ती परत येत नाहीत. अशा कुंडीत औषध ओतत बसण्यात अर्थ नाही. वरचा भाग वाचवायचा.

तुमच्याकडे सुपारी असेलच. कोळे रोगानं पावसात सुपारीची फळं कशी गळतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तो करणारी फायटोफ्थोरा आणि कुंडीत मुळं कुजवणारी पिथियम या बुरशीसारख्या दोघी जवळच्या नात्यातल्या. दोघींची बीजं साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहत एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जातात. तिसरी आहे फ्युजेरियम ही बुरशी. ती देठाच्या आतून वर चढते आणि ती जास्त वाईट, कारण बाहेरून पेर हिरवंगार दिसतं.

म्हणून टोकाकडून खाली या. झाडाला जी चपटी पानं दिसतात ती खरं तर पानं नाहीत, खोडाचीच पेरं आहेत, त्यामुळे प्रत्येक पेरापासून नवीन झाड होऊ शकतं. दोन किंवा तीन पेरांचा तुकडा सांध्यावर धरून पिळा, आपसूक सुटतो. सुटलेल्या जागी मधोमध पाहा. पांढरट-हिरवं असेल तर तुकडा घ्या. तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर आणखी एक पेर वर जा. ठिपका असलेला एकही तुकडा लावू नका, 'बघू जगतो का' म्हणूनही नाही. तोच पुढे सगळ्या कुंड्यांना लावतो.

चांगले तुकडे कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पाण्यात, लिटरला ३ ग्रॅम, पाच मिनिटं बुडवा आणि वर्तमानपत्रावर सुकत ठेवा. पुण्यात जखम एका दिवसात सुकेल, आपल्याकडे आषाढात तीन-चार दिवस लागतात. फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेत तर थोडी ऊब मिळते. पेरं जराशी मलूल झाली तरी चालतील, ओली जखम मातीत गेली तर चालणार नाही. मग खालचं पेर अर्धं बुडेल एवढंच खोचा, एका लहान कुंडीत तीन-चार तुकडे. पहिला आठवडा पाणी घालू नका, हवेतला दमटपणा पुरतो. नंतर हातानं शिंपडा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. गणपतीच्या आसपास टोकाला तांबूस कोंब दिसला की झाड वाचलं.

जुनी माती माडाच्या आळ्यात टाका. कुंडी घासून उकळतं पाणी ओतून घ्या.

आता हे का झालं, ते बघू. तुम्ही पाणी बेतानं घालत होतात आणि तरी मुळं कुजली, हे तुम्हाला उलटं वाटेल. या झाडाचा मुलूख समजला की ते उलटं राहत नाही.

हे झाड आग्नेय ब्राझीलमधल्या किनारपट्टीच्या डोंगरांतलं. वनस्पतिशास्त्रात याच्या प्रजातीला श्लुम्बर्गेरा म्हणतात. शार्ल लमेर या फ्रेंच अभ्यासकानं १८५८ साली फ्रेदेरिक श्लुम्बर्जे नावाच्या कॅक्टस जमवणाऱ्या गृहस्थांवरून ते नाव दिलं. रिओ द जानेरोच्या मागे जे डोंगर उभे आहेत, तिथल्या दाट जंगलात ७०० ते १००० मीटर उंचीवर ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर आणि शेवाळलेल्या कातळांच्या खाचांत वाढतं. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडतात, धुकं आणि पाऊस भरपूर, सूर्य पानांतून गाळून येतो, आणि फुलांवर गुंजनपक्षी येतात. वाचताना आपल्या घाटमाथ्याची आठवण येत असेल तर ती बरोबरच आहे. आंबोलीची उंची जेमतेम ७०० मीटर. म्हणजे हे झाड गुहागरच्या पुळणीवरचं नाही, पण राजस्थानच्या वाळूतलं तर मुळीच नाही. त्याला आंबोलीचा माणूस समजा, जो तुमच्याकडे खाली राहायला आलाय.

तिथे त्याची मुळं मातीत नसतात. फांदीच्या बेचक्यात अडकलेला पाचोळा आणि शेवाळ, एवढाच आधार. ते बांडगूळही नाही, झाडाचा रस ते शोषत नाही. तुमच्या आवारातल्या जुन्या आंब्यावर पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी फुलत असेल, ती पाहा. तिच्यावर चार महिने पाऊस कोसळतो, मुळं दिवसरात्र भिजतात आणि एकही कुजत नाही, कारण पाऊस क्षणभर थांबला की त्या मुळांना चहूबाजूंनी वारा लागतो. कुजवतं ते पाणी नव्हे, हवा अडवून बसलेलं पाणी. प्लास्टिकच्या कुंडीत, लाल मातीत, दमट हवेत तुम्ही आठवड्याला फुलपात्रभर पाणी घातलंत तरी ते महिनाभर तिथेच बसतं. वरून कमी घालणं हा त्यावरचा उपाय नाही. उलट उन्हाळ्यात तेच 'बेतानं' झाडाची मुळं सुकवतं, आणि अर्धी सुकलेली मुळं पावसाळ्यात सगळ्यात आधी कुजतात. तुमच्या झाडाचं बहुधा हेच झालंय.

म्हणून कुंडीत काय भरता यावर निम्मं काम अवलंबून आहे आणि कोकणात ते सामान फुकट मिळतं. नारळाची सोडणं घ्या. कोयत्यानं अंगठ्याएवढे तुकडे करा आणि बादलीत भिजत घाला. पाणी लालभडक होईल, ते ओता, पुन्हा भरा. पाणी फिकट येईपर्यंत आठवडाभर हे करावं लागतं, कारण सोडणात क्षार आणि तुरट रस असतो. किनाऱ्यालगतच्या माडांच्या सोडणात क्षार जास्तच. बाजारच्या कोकोपीटचंही तेच, विटेवर 'धुतलेलं' लिहिलेलं असलं तरी एकदा धुवा. अशी चार वाट्या सोडणं, दोन वाट्या लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे, दोन वाट्या चांगला कुजलेला पालापाचोळा, वाटीभर जांभ्याची बारीक खडी. चिऱ्याच्या खाणीवर किंवा जिथे बांधकाम चालू आहे तिथे ती पडलेली असते. जांभा किंचित आम्ल, आणि या झाडाला ५.५ ते ६.२ च्या आसपासचा सामू (पीएच) मानवतो, त्यामुळे ती नुसती भर नाही.

आवारातली लाल माती अजिबात नको. पहिल्या झडीत ती विटेसारखी बसते. आणि पुळणीची वाळू कुणी कितीही सांगितलं तरी नको. तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुरा म्हणजे चुना असतो, दोन्ही या झाडाला वर्ज्य. निचऱ्यासाठी वाळू हा सल्ला देशावरच्या नदीच्या वाळूवरून आलाय.

कुंडी मातीची, पसरट, उथळ. वीतभर रुंद पुरे. मुळं दाटीत असली की हे झाड खूश असतं, मोठ्या कुंडीत नुसता ओलावा साठतो. मातीच्या कुंडीला पावसात बाहेरून शेवाळ धरेल. घासू नका, ती श्वास घेतेय याचीच खूण आहे. खाली बशी ठेवायची नाही. टांगलीत तर फारच उत्तम, पण कौलांच्या पागोळ्यांच्या आतल्या बाजूला. पागोळीची धार थेट पेरांच्या मधोमध बसली की तिथून कूज सुरू होते.

मिरग लागला की कुंडी पडवीत अशी ठेवा की वारा लागेल पण झड येणार नाही. आपल्या किनाऱ्यावर चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात एखाददिवशी कुंडी भिजली तर काही बिघडत नाही, वरच्यासारखं मिश्रण असेल तर तासाभरात पाणी निघून जातं. सलग भिजणं टाळायचं. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचा दिवस ठरवू नका, कुंडी उचलून पाहा. वजन हलकं लागलं आणि बोट पेरभर खुपसून आत कोरडं लागलं तरच घाला. कधी कधी पंधरा-पंधरा दिवस लागत नाही. उलट मार्च ते मे दर दोन-तीन दिवसांनी भरपूर, खालून वाहून जाईल इतकं. पेरं सुरकुतली तर आधी मिश्रण चाचपा. कोरडं असेल तर पाणी हवंय. ओलं असून पेरं सुरकुतली असतील तर मुळं गेलीत, आणि त्यात आणखी पाणी घातलंत तर उरलेलीही जातील. दिसायला दोन्ही अगदी सारखं दिसतं, म्हणून सांगतोय.

खाडीकाठच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. तुमच्याकडे तसं असेल तर कुंडीच्या बाहेर पांढरं मीठ फुलून येईल आणि कोवळ्या पेरांच्या कडा करपतील. गोड पाणी थोडं साठवून ठेवा, एवढ्याशा कुंडीला किती लागतं! समुद्राच्या तोंडावरचं घर असेल तर मे महिन्यात आठवड्यातून एकदा पेरं गोड्या पाण्यानं धुवा, खारा वारा त्यांच्यावर मिठाचा थर धरतो.

उजेडाबद्दल थोडक्यात. पूर्वेचं ऊन सकाळी नऊपर्यंत चालतं, नंतर सावलीतला लख्ख उजेड. सुपारीच्या बागेत जशी सावली असते ती याला फार मानवते. पेरं तांबूस-जांभळट झाली तर ऊन जास्त होतंय. ऊन नसूनही तांबूस झाली तर मॅग्नेशियम कमी आहे, महिन्यातून एकदा लिटरला १ ग्रॅम एप्सम सॉल्ट द्या. ते खताच्या पाण्यात मिसळू नका, वेगळ्या दिवशी.

आता फुलं.

हे झाड रात्र मोजतं. रात्र ठरावीक लांबीपेक्षा मोठी झाली की टोकाच्या पक्व पेरांत कळी धरते. पण ते नुसती लांबी मोजत नाही, गारवाही मोजतं, आणि नेमकं हेच आपल्याकडे कुणी सांगत नाही. रात्रीचा पारा १० ते १५ अंशांत असेल तर रात्र छोटी असली तरी ते कळी धरतं. १५ ते २० च्या दरम्यान त्याला बारा तासांपेक्षा जास्त, नक्की हवं असेल तर तेरा-चौदा तास, अखंड अंधार लागतो, आणि तोही सलग सहा-एक आठवडे. २० च्या वर रात्र जसजशी उबदार, तसतसा अंधार जास्त लागतो. २४-२५ च्या रात्री अंधार देऊनही बहुतेक काही होत नाही.

आता पुणे आणि गुहागर शेजारी ठेवा. पुण्यात नोव्हेंबरात रात्रीचा पारा १५ च्या आसपास येतो, डिसेंबरात त्याच्याही खाली. तुमच्या नणंदेनं काहीही केलेलं नसतं, गॅलरीत ठेवलेलं झाड आपलं आपण फुलतं. आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा. रात्री पारा २३-२४ वर अडलेला. डिसेंबर-जानेवारीत तो २० च्या आसपास येतो, त्यातही ठरावीक रात्रीच. म्हणजे पुण्याच्या झाडाला जे दसऱ्यानंतर मिळतं ते आपल्या झाडाला मार्गशीर्षात मिळतं. कळी दिसल्यापासून फूल उमलायला दीड-दोन महिने जातात. हिशेब केलात तर आपलं ख्रिसमस कॅक्टस माघी गणपतीला फुलतं. नाताळचा आग्रह सोडा. ब्राझीलमध्ये ते मे महिन्यात फुलतं, कारण तिथे तेव्हा थंडीची चाहूल लागलेली असते. झाडाला नाताळ कुठला ठाऊक?

कोकणातही सगळीकडे एक माप नाही. दापोली, लांजा, सावंतवाडीकडे, म्हणजे किनारा सोडून थोडं आत किंवा उंचावर, थंडीत पारा किनाऱ्यापेक्षा चांगलाच खाली उतरतो आणि तिथे डिसेंबरअखेरही फुलं मिळतात. मालवण, वेंगुर्ला, गुहागर अशा ठिकाणी समुद्र रात्री गारवा येऊ देत नाही, तिथे आपल्याला मदत करावी लागते.

मदत म्हणजे दोन गोष्टी. पहिली, अंधार. सतरा-अठरा अक्षांशावर ऑक्टोबरपासून रात्र आपोआप बारा तासांच्या वर जाते, डिसेंबरात ती पावणेतेराच्या पुढे असते. म्हणजे निसर्ग आपलं काम करतोय, ते आपण मोडतो. पडवीतला दिवा आपल्याकडे रात्रभर चालू असतो, कुठे साप, कुठे बिबट्या, कुठे चोर. त्यात दिवाळी येते. आकाशकंदील वसुबारसेला लागतो आणि तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी कित्येक घरांत उतरत नाही, आणि तो नेमका त्याच जागी टांगलेला असतो जिथे आपण कॅक्टस टांगतो. झाडाच्या लेखी त्या महिन्यात रात्रच झालेली नसते. तुमच्या झाडाला दोन वर्षं फुलं न येण्याचं हे एक कारण असणारच. रस्त्यावरचा नवा पांढरा दिवा खिडकीतून येत असेल तर तोही मोजा. चांदण्यानं काही होत नाही.

कोजागिरीपासून कुंडी दिव्यांपासून दूर न्या. घराच्या मागच्या बाजूला, परसात, जिथे संध्याकाळी साडेसहानंतर कुणी बटण दाबत नाही. जागाच नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ जाड काळं सुती कापड चौकटीवरून टाका. खोका किंवा प्लास्टिक नको, आत हवा कोंडून तापते आणि ज्या कारणासाठी झाकलं तेच बिघडतं.

दुसरी, गारवा. यासाठी माझा ठाम सल्ला असा: झाड गच्चीवर किंवा सिमेंटच्या गॅलरीत ठेवू नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती ऊब सोडत राहतो. पाऊस पूर्ण गेला की कुंडी जमिनीवर, मातीच्या किंवा सारवलेल्या अंगणाच्या कडेला, वर आभाळ उघडं असेल अशा ठिकाणी ठेवा. उघड्या आभाळाखाली पेरांची उष्णता रात्री वर निघून जाते आणि ती आजूबाजूच्या हवेपेक्षाही थोडी गार होतात. सकाळी त्यांच्यावर दंव दिसतं ते त्यामुळेच. संध्याकाळी भोवतालच्या जमिनीवर पाणी मारा. मातीची कुंडी स्वतःही थोडा गारवा देते. एवढं केल्यानं दोन-तीन अंश मिळतात, आणि किनाऱ्यावर फुलं येण्या-न येण्यातलं अंतर तेवढंच आहे. दिवसा ऊन लागू नये म्हणून जागा एखाद्या मोठ्या झाडाच्या उत्तरेला निवडा. माडाखाली मात्र नको, एक चुडत पडलं की सहा महिन्यांची मेहनत गेली.

सप्टेंबरअखेरीला टोकांवर नखाएवढी कोवळी पेरं असतील तर ती खुडून टाका. कळी पक्व पेरालाच धरते, आणि कोवळी पेरं राहिली तर झाड त्यांनाच वाढवत बसतं. त्याच वेळी नत्राचं खत बंद. ऑक्टोबरात पाणी थोडं ओढून धरा, पण सुरकुत्या पडेपर्यंत नाही.

कळ्या दिसल्या की खरी परीक्षा सुरू होते. तुमच्या कळ्या गळाल्या त्याची कारणं घरातच शोधा. कळी आली म्हणून कौतुकानं कुंडी दिवाणखान्यात आणली असेल तर तेवढंही पुरतं. जागा, उजेडाची दिशा, तापमान एकदम बदललं की झाड कळ्या टाकून देतं. म्हणूनच जागा कोजागिरीलाच पक्की करा. मिश्रण पूर्ण कोरडं पडू देऊ नका आणि चिकचिकीतही ठेवू नका. आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फळं पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि हे झाड त्या वायूला फार हळवं आहे. पडवीत केळ्यांचा लोंगर पिकायला टांगलेला असेल आणि खाली कॅक्टस, तर चार दिवसांत कळ्यांचा सडा पडतो. लाकडाच्या धुरातही इथिलीन असतं. न्हाणीची चूल थंडीत रोज पेटते, तिचा धूर ज्या बाजूला जातो ती बाजू टाळा. आंब्याच्या अढीचा प्रश्न मात्र येत नाही, तोवर फुलं होऊन गेलेली असतात.

पहिलं फूल पूर्ण उमललं की मग खुशाल आत आणा, पाहुण्यांना दाखवा. एक फूल आठवडाभर टिकतं, सगळा बहर महिनाभर चालतो.

बहर संपला की महिनाभर विश्रांती, खत नाही. शिमग्यानंतर गरज असेल तर कुंडी बदला, दोन-दोन पेरं खुडून झाडाला आकार द्या, खुडलेली लावा. मग पाऊस येईपर्यंत पंधरवड्याला १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, बस्स. शेणखत घालू नका, या मिश्रणात ते चिखल करतं.

कीड फार नाही. पिठ्या ढेकूण सांध्यांत कापसासारखा दिसतो, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसा, जास्त असेल तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, दोन थेंब साबण घालून, संध्याकाळी. मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या कुठेतरी आहेच. पावसात गोगलगायी रात्रीतून कोवळी टोकं खातात. टांगलेल्या कुंडीला तो त्रास कमी. गोगलगायी मारायच्या गोळ्या टाकू नका, कुत्र्यानं खाल्ल्या तर मरतो. बॅटरी घेऊन रात्री वेचा. झाड स्वतः मात्र मांजर-कुत्र्यांना विषारी नाही, आणि काटेही नाहीत, त्यामुळे 'घरात काटेरी झाड नको' म्हणणाऱ्या सासूबाईंनाही दाखवायला हरकत नाही.

मुळं कुजण्याचा प्रश्न कायमचा कमी करायचा असेल तर कलम करा. आपल्याकडे आता ड्रॅगन फ्रूट बऱ्याच आवारांत आहे. ते कॅक्टसच्याच कुळातलं, मुळं दणकट आणि उष्णता सोसणारी. त्याची हातभराहून थोडी कमी उंचीची, मुळं धरलेली काडी घ्या. फाल्गुन-चैत्रातल्या कोरड्या दिवशी तिचा शेंडा आडवा कापा, मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर चीर द्या. ख्रिसमस कॅक्टसचा दोन पेरांचा तुकडा घेऊन खालच्या पेराची दोन्ही बाजूंची साल धारदार पात्यानं पातळ सोलून काढा, आतला हिरवा गर दिसेपर्यंत. तो चिरेत बसवा, आरपार लिंबाचा काटा टोचा, वरून सैल रबर. पंधरा-वीस दिवस सावलीत, जोडावर पाणी पडू न देता. जोड धरला की नवी पेरं फुटतात आणि दोन वर्षांत छत्रीसारखं झाड होतं, फुलं चहूबाजूंनी लोंबतात. जोडाच्या खाली ड्रॅगन फ्रूटचे फुटवे येतील, ते दिसताक्षणी मोडा. काठीचा आधार द्यायला विसरू नका, पुढे वजन वरच असतं.

पुढच्या वेळी घेताना पेरांच्या कडा पाहून घ्या. टोकदार दात असतील तर ते श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा, आपल्याकडे 'ख्रिसमस' म्हणून विकलं जाणारं बहुतेक तेच असतं आणि कोकणासाठी तेच बरं. कडा गोलसर लाटांसारख्या असतील तर ते एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेलं संकरित, खरं ख्रिसमस कॅक्टस. ते आणखी उशिरा फुलतं. आणि कडा गोल, पेराच्या टोकाला बारीक तपकिरी केस, फूल चांदणीसारखं सरळ उघडणारं, ते ईस्टर कॅक्टस. ते किनाऱ्यावर घेऊ नका. त्याला थंडीत बराच काळ गार रात्री लागतात, त्या आपल्याकडे नाहीत. पेरं वाढतील, फुलं येणार नाहीत.

आणि यातलं काहीच करायला वेळ नसेल तर ब्रह्मकमळ लावा, म्हणजे आपल्याकडे कुंड्यांत जे त्या नावानं वाढतं ते मेक्सिकोकडचं रात्री फुलणारं कॅक्टस. सवयी ह्याच्याच, जंगलातल्या फांद्यांवर राहणारं, पण त्याला गारव्याची गरज नाही. हेच मिश्रण, हीच पडवी. पावसाळ्यात कळी धरेल तेव्हा आकाशकंदील लावलात तरी काही बिघडणार नाही.